आठव्या नावाची जागा

राजकमल चौकातल्या एका कापडाच्या दुकानावर लाल दिव्यांची पाटी होती. साड्या, ड्रेस मटेरियल, सूटिंग-शर्टिंग, असे शब्द तिच्यावर एकामागून एक यायचे आणि जायचे. त्या पाटीखाली उभं राहून मनगटावरच्या घड्याळात तिचा वेळ मोजणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. तायडे सर ओठांतल्या ओठांत आकडे म्हणत होते. दोन फेऱ्या झाल्यावर ते मला म्हणाले, "राऊतभाऊ, हा वाचूच देऊन नाई राहिला लेकाचा. ड्रेस म्हणेपर्यंत मटेरियल गायब. ज्याले भरभर वाचता येते त्याच्यासाठीच पाटी लावली काय?" एवढ्यावर थांबले असते तर ते तायडे सर कसले? दुकानात शिरून त्यांनी मालकाला हे समजावून सांगितलं. मालकानं बसायला गादी दाखवली आणि साडी नऊवार हवी की सहावार असं विचारलं. तेवढ्यात त्यांची अकोल्याची बस गेली.

तायडे सर आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत. अकोल्याच्या जुन्या शहरातून अमरावतीला रोजचं अप-डाऊन. नोकरी तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास घेतले तितक्यांचं मानधन, सुट्टीत घरी, आणि जूनमध्ये पुन्हा पत्र आलं तर पुढचं वर्ष. अशी अकरा पत्रं त्यांनी प्लास्टिकच्या फायलीत लावून ठेवली होती. मी त्याच विभागात प्रयोगशाळा सहायक. बारावीनंतर एक सर्टिफिकेट कोर्स केलेला आणि कायम. ते एम.एस्सी., वर पात्रता परीक्षाही पास, आणि हंगामी. आमच्याकडे न्याय हा असा आहे. त्यात नवल वाटणं मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षीच सोडून दिलं होतं. सरांनी मात्र सोडलं नव्हतं. दर जूनला ते नव्या माणसासारखे पत्राची वाट बघायचे.

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक जुनी लग्नपत्रिका असे. तिला ब्लेडनं एका ओळीएवढी खिडकी पाडलेली होती. त्या खिडकीमागून कागदाची लांब पट्टी ओवलेली. ही पट्टी म्हणजे कंडक्टरच्या तिकीट-मशीनमधला रोल. रोजच्या प्रवासात ओळख झालेल्या एका कंडक्टरनं दिलेला. पट्टीवर एकाखाली एक लिहिलेलं होतं, कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा. पट्टी ओढली की खिडकीत शब्द बदलायचा. वेब पानावर बदलता मजकूर कसा करायचा हे ते या पत्रिकेवर शिकवत, कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी.

मला त्यातलं जे कळलं ते इतकंच. पानाचा मजकूर एका फायलीत असतो. तो दिसावा कसा, रंग कोणता, जागा कुठली, हे सगळं दुसऱ्या फायलीत. ती स्टाइलशीट. सर तिला मजकुराचे कपडे म्हणत. शब्दाला हलवायचं असलं की बाकीचे लोक तिसरी फाईल जोडतात आणि तिच्यात स्क्रिप्ट लिहितात. सर जोडत नसत. एक फेरी म्हणजे शंभर टक्के धरायची, शब्द चार असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीस टक्के येतात, हे सगळं स्टाइलशीटमध्येच मांडायचं. मग पान उघडल्याबरोबर शब्द आपोआप येत-जात राहतात. त्या पंचवीसमधले सरकण्यात किती जावेत आणि थांबण्यात किती, हाच त्यांच्या शिकवण्याचा गाभा होता. "चालनं चार, थांबनं एकवीस," असं ते म्हणायचे आणि पोरांकडून पाढ्यासारखं म्हणवून घ्यायचे. पोरं त्यांना मागून थांबा सर म्हणत. ते त्यांना माहीत होतं आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नसे.

हा हट्ट कशासाठी, हे मी एकदा विचारलं होतं. त्यांनी एका विद्यार्थ्याचा फोन मागून घेतला आणि माझ्यासमोर धरला. काचेला तडे, वरून चिकटपट्टी. "हा फोन हाये पोट्ट्याचा. गावात रेंज एक काडी. स्क्रिप्ट बाहेरून याची रायली तं शब्दच येत नाई, याले वाटते आपल्यालेच समजत नाई. म्हनून जे हाये त्यातच भागवाचं." जे आहे त्यातच भागवायचं, हे त्यांच्या घरचं बाळकडू होतं. वेब पान हे त्याचं फक्त नवीन निमित्त.

एकदा पुण्याहून एक तज्ज्ञ आले. कार्यशाळा होती, स्वागताला शाल-श्रीफळ होतं. त्यांनी सरांचं पान पाहिलं आणि हसून सांगितलं की हे सगळं आता तयार मिळतं, बाहेरून एक ओळ जोडली की काम होतं, एवढी टक्केवारी मांडत कोण बसतं? त्यांनी ती ओळ जोडूनही दाखवली. नेमकं तेव्हाच आमच्या लॅबचं नेट गेलं. आमच्या लॅबचं नेट हे जायलाच येतं. तज्ज्ञांच्या पानावर नुसतं पांढरं. बाजूच्या कॉम्प्युटरवर सरांचं कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा संथपणे चाललेलं. पोरं हसली. सर हसले नाहीत. ते उठून नेटची वायर बघायला गेले, कारण पाहुण्याचा खोळंबा झाला होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात तज्ज्ञ होते, प्राचार्य होते, शाल होती. सर वायर बघायला गेले होते, त्यामुळे ते फोटोत नव्हते.

त्यांच्या घरी मी एकदाच गेलो. अकोल्यात माझं पंचायतीचं काहीतरी काम होतं, ते झालं नाही, आणि सरांनी जेवायला ओढून नेलं. मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात, दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीनं उतरावं अशा गल्लीत, दोन खोल्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. कायम झाल्यावर बघू, असं म्हणता म्हणता कानशिलं पांढरी झाली होती. घरात ते आणि त्यांची माय. माय सत्तरीच्या पुढची. उभी हयात जिनिंगमध्ये कापसातला काडीकचरा वेचण्यात गेलेली. अक्षरओळख पन्नाशीनंतर झाली, विहारात बायांसाठी संध्याकाळचा वर्ग सुरू झाला तेव्हा. उशिरा मिळालेली गोष्ट माणूस जरा जास्तच वापरतो. म्हातारी दिसेल ते वाचायची. साबणाचा कागद, औषधाची बाटली, माझ्या खिशातून डोकावणारं एसटीचं तिकीट. बोट अक्षराखाली ठेवून, मोठ्यानं, एकेक अक्षर जोडत. मला म्हणाली, "जय भीम बापू, बसा," आणि मी बसायच्या आत तिनं माझ्या पिशवीवरचं दुकानाचं नाव वाचून काढलं.

सरांच्या टक्केवारीचं मूळ मला त्या दिवशी कळलं. जेवणं झाल्यावर त्यांनी फोनवर एक पान उघडलं, मायच्या हातात दिलं आणि घड्याळ काढलं. माय वाचू लागली. तिचं वाचून होईस्तोवर शब्द हलला नाही पाहिजे, एवढाच नियम. ती अडली की सर वहीत काहीतरी खोडून दुसरा आकडा लिहीत. साधारण चार सेकंद, असं तिचं माप निघालं होतं. जगातल्या मोठमोठ्या कंपन्या लोकांना काय काय विचारून पानं बनवतात म्हणे. आमच्या सरांचं सगळं संशोधन या एका म्हातारीच्या बोटावर चाले.

आधी त्यांचे शब्द खालून वर सरकत असत, पत्रिकेतल्या पट्टीसारखे. ते मायनं बंद पाडलं. फोन दूर धरून ती म्हणाली होती, "हे पयते काहून? मले घेरी येते बाळू. जाग्यावर उभं राह्यला सांग त्याले." तेव्हापासून सरांनी रीत बदलली. सगळे शब्द एकाच जागी, एकमेकांवर रचलेले. ज्याचा नंबर आला त्यानं उजळायचं, बाकीच्यांनी दडून राहायचं, चार सेकंदांनी त्यानं मावळायचं आणि पुढच्यानं उजळायचं. प्रत्येकाची वेळ त्याच्या नावावर आधीच लावून दिलेली. कोणी कोणाला ढकलायचं नाही. मला ते पाहायला फार बरं वाटायचं. असं आपल्याकडे कुठेच नसतं.

मग कॉलेजची तपासणी समिती यायची वेळ आली. समिती येणार म्हटल्यावर कॉलेजात रंगरंगोटी होते, कुंड्या येतात, वर्षभर बंद असलेल्या नळाला पाणी येतं. त्यातच वेबसाइट नवी करायची निघाली. आमच्या संस्थेचे सचिव, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, त्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. कॉम्प्युटरची वायर जोडायला मी तिथेच होतो, म्हणून हे ऐकीव नाही. भाऊसाहेब म्हणाले, "तायडे, एवढं काम मनावर घ्या. समिती झाली का तुमच्या विभागात एक कायम जागा निघून राहिली. बाहेरचा मानूस कायले घ्याचा, आमाले आपला घरचा मानूस पाह्यजे."

सर केबिनमधून बाहेर आले ते हातात पत्र आल्यासारखे. जिन्यात त्यांनी मला तीनदा विचारलं की भाऊसाहेब नेमकं काय म्हणाले. मी तीनदा सांगितलं. 'घरचा मानूस' या दोन शब्दांवर ते दर वेळी मान डोलवायचे.

दीड महिना त्यांनी त्या वेबसाइटवर काढला. तास संपले की लॅबमध्ये बसत, शेवटची बस धरून जात. भाऊसाहेबांना वेबसाइट म्हणजे भाऊसाहेबांचा फोटो, वहिनीसाहेबांचा फोटो आणि इमारतीचा फोटो एवढंच हवं होतं. ते सगळं सरांनी दिलं. पण विभागाच्या पानावर अगदी वर त्यांनी आपली एक ओळ घातली. 'आमचे शिक्षक' आणि तिच्यापुढे एकामागून एक उजळणारी नावं. विभागातले सहा कायम प्राध्यापक आणि शेवटी स्वतः. मला बोलावून दाखवलं तेव्हा ते कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते.

"राऊतभाऊ, गडबड झाली. शंभराले सातानं भाग जात नाई."

मी म्हटलं, मग एखाद्या साहेबाचं नाव काढा, ते तसेही वर्गात येत नाहीत.

"आठानं जाते. साडेबारा-साडेबारा. बत्तीस सेकंदाची फेरी, चार सेकंद एकेकाले. तुमी आठवे व्हा."

मी हसण्यावारी नेलं. प्रयोगशाळा सहायकाचं नाव कुठे असतं? हजेरीपटावर आणि रजेच्या अर्जावर. पंचवीस वर्षांत कॉलेजच्या कुठल्या कार्यक्रमपत्रिकेवर, कुठल्या अहवालात, कुठल्या फलकावर माझं नाव आलेलं नव्हतं. सर म्हणाले, भागाकार बसवायला घेतोय, उपकार नाहीत. आणि त्यांनी मला आठवं ठेवलं नाही. सातवा नंबर मला दिला आणि शेवटचा स्वतःला. हंगामी माणसानं कायम माणसाच्या मागंच राहावं, असं चेष्टेनं म्हणाले. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला फोनवर ते पान दाखवलं. सहा साहेब होऊन गेले आणि मग माझं नाव आलं, चार सेकंद थांबलं. बायकोनं दुसरी फेरी बघायला फोन स्वतःच्या हातात घेतला.

समिती आली. तीन माणसं होती, त्यात एक वयस्क बाई. त्यांना लॅब दाखवायची म्हणून मी गळ्यात नावा-पदाचं ओळखपत्र घालून मोठ्या कॉम्प्युटरपाशी उभा होतो. पान उघडलं. बाकीचे दोघे चहाकडे बघत होते, बाई मात्र त्या ओळीपाशी थांबल्या. सगळी आठ नावं होईपर्यंत त्यांनी मान हलवली नाही. मग म्हणाल्या, लॅबच्या माणसाचं नाव विभागाच्या पानावर घेतलेलं मी प्रथमच पाहतेय, आणि वाचायला वेळही दिलाय. कोणी केलं हे?

भाऊसाहेबांनी शेजारी उभ्या असलेल्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या जावईबापूनं."

जावई लाजल्यासारखे हसले. सर त्या वेळी पलीकडच्या खोलीत तास घेत होते. समिती आली असतानाही तास बुडू नये म्हणून. भिंतीतून त्यांचा आवाज येत होता, चालनं चार, थांबनं एकवीस, आणि मागून पोरांचा. मला तोंड होतं. बाई माझ्यापासून हातभर अंतरावर होत्या. एक वाक्य बोलायचं होतं, पलीकडे शिकवताहेत त्यांनी केलं, एवढंच. मी माऊस पुसत राहिलो. भीती कशाची वाटली ते मला आजही धड सांगता येत नाही. कायम माणसाला कोणी सहजी काढू शकत नाही म्हणतात. पण मी पाहिलंय, कायम माणूसच जास्त भितो.

तास सुटल्यावर सर धावत आले. मी सांगितलं, बाईंना ती ओळ आवडली.

"किती वेळ पाह्यलं त्यायनं?"

"पूर्ण फेरी."

"बत्तीस सेकंद," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना. बाईंनी आणखी काही विचारलं का, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो!

जागा निघाली. जाहिरात आली, मुलाखती झाल्या. सर इस्त्रीचा शर्ट घालून, अकरा पत्रांची फाईल घेऊन आले. चार मिनिटांत बाहेर. आत त्यांना गाव कोणतं विचारलं, आणि अकोल्याहून रोजचं येणं-जाणं जमेल का असं विचारलं. अकरा वर्षं जो माणूस रोज येतोय त्याला. सर हे सांगताना हसत होते, त्यांना वाटलं की औपचारिकता म्हणून कमी प्रश्न विचारले. जावई अर्धा तास आत होते. भाऊसाहेबांना घरचा माणूस हवा होता आणि त्यांनी तो घेतला. त्यांनी शब्द फिरवला असं कोणी म्हणू शकणार नाही.

आणि मग जून आला. तासिकावाल्याला कोणी काढत नाही, फक्त बोलावत नाहीत. त्यामुळे निरोप समारंभ नाही, नारळ नाही, भाषणं नाहीत. सरांनी मला दोनदा फोन केला. पहिल्यांदा म्हणाले, पत्र टपालात अडकलं असेल, जरा जावक रजिस्टर पाहून सांगा. मी पाहिलं, नोंद नव्हती. दुसऱ्यांदा म्हणाले, तुम्हाला त्रास देतो, पण पुन्हा एकदा पाहा. मी न पाहताच सांगितलं, नाही. त्यानंतर फोन आला नाही.

पंधरा दिवसांनी ऑफिसातून बाबू आला. त्याच्या हातात चहा होता आणि तो चहा पितच बोलला. "त्या तायड्याचं नाव वेबसाइटवरून काढून टाका. नवीन साहेबाची मंजुरी याची हाये, आली का त्यायचं नाव देतो." वेबसाइटचा पासवर्ड सर माझ्याकडे ठेवून गेले होते. नावांची यादी कुठे आहे हेही त्यांनीच मला शिकवलं होतं, कधी गरज पडली तर असावं म्हणून. गरज ही अशी पडली. मी फाईल उघडली. आठ ओळी. आठवी निवडली, खोडली, फाईल ठेवून दिली. त्या माणसानं पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझं नाव कुठेतरी लिहिलं होतं, आणि त्याचं पुसायला मला मिनिटभरही लागलं नाही.

पान उघडून पाहिलं. सहा साहेब आले आणि गेले, माझं नाव आलं आणि गेलं. मग काहीच नाही. 'आमचे शिक्षक' एवढंच, आणि पुढे पांढरं. मला वाटलं माझ्या हातून सगळं बिघडलं. तेवढ्यात पहिलं नाव पुन्हा उजळलं. मग समजलं. नाव खोडलं होतं, पण बाकीच्यांच्या वेळा मी बदलल्या नव्हत्या. फेरी अजून बत्तीस सेकंदांचीच होती, आणि शेवटचे चार सेकंद सरांचे होते ते तसेच होते. प्रत्येकाला वेळ लावून दिलेली, कोणी कोणाला ढकलत नव्हतं.

मी ते तसंच राहू दिलं. विचारलं असतं तर जमत नाही म्हणून सांगितलं असतं, पण कोणी विचारलंच नाही. कॉलेजची वेबसाइट बत्तीस सेकंद बघतो कोण? मी मात्र रोज सकाळी लॅब उघडली की एक फेरी बघायचो. माझं नाव मावळलं की त्या कोऱ्या जागेकडे बघत बसायचो. मला वाटायचं, तोंड उघडायची हिंमत झाली नाही, पण सरांची जागा तरी मी राखून ठेवली. माणसाला स्वतःची समजूत घालायला एवढंसं पुरतं.

दिवाळीनंतर बायकोचे डोळे दाखवायला अकोल्याला गेलो होतो. परतताना बसस्टँडवर सर दिसले. तेल्हाऱ्याच्या बसची वाट बघत उभे होते. खिशात पत्रिका होती. तेल्हाऱ्याला एका दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं काम धरलं होतं. बायकोला त्यांनी वाकून नमस्कार केला, डोळ्यांची चौकशी केली. कॉलेजचं एका शब्दानं विचारलं नाही. मीच न राहवून म्हटलं, सर, तुमची जागा मी अजून भरलेली नाही. कोरी ठेवली आहे. माझ्या आवाजात थोडा अभिमानही असेल.

ते खाली बघत म्हणाले, "पाह्यलं मी. मी तुमाले फोनच करनार होतो. टक्के बदलवा राऊतभाऊ."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं ते असं. मायला त्यांनी काही सांगितलेलं नाही. कॉलेजची शाखा तेल्हाऱ्याला निघाली, म्हणून तिकडे जावं लागतं, एवढंच सांगितलंय. माय रोज दिवेलागणीला फोन मागून घेते आणि ते पान उघडायला लावते. बोट ठेवून सगळी नावं वाचते. माझंही वाचते. आणि मग बोट तसंच धरून थांबते.

"म्हनते, आता बाळूचं येते. मंग पयलंच नाव येते. म्हनते, हुकलं वाटते, आन् पुन्हा पयल्यापासून वाचते. मी म्हनतो नेट स्लो हाये. रोज किती दिवस म्हनू?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "जागा कोरी दिसली का ते वाट पाह्यते. कोरी नाई दिसली तं तिले वाटन, यादी बदलली असन. कधी तरी ते विचारनं सोडून देईन."

त्यांनी खिशातून पत्रिका काढली, पट्टीचा कोरा तुकडा फाडला आणि बसच्या पत्र्यावर धरून त्यावर लिहिलं. शंभर भागिले सात. चौदा, पॉइंट, अठ्ठावीस. फेरी अठ्ठावीस सेकंदांची. "सातानं भाग जात नाई, मांगंच म्हनलं होतं. थोडं उरते. दिसत नाई ते कोनाले, उरू द्या." कागद माझ्या हातात देऊन ते बसमध्ये चढले. दारातून वळून म्हणाले, "लवकर करा पन." बस वळेपर्यंत ते मला खिडकीत दिसत होते. समोरच्या फलाटावर लागलेल्या पाट्या ते वाचत होते, आणि ओठ हलत होते. मोजत असावेत.

दुसऱ्या दिवशी मी कागद समोर ठेवून लॅबमध्ये बसलो. फाईल उघडली. पहिल्या दोन नावांच्या वेळा बदलून झाल्या होत्या, तेवढ्यात बाबू चहा घेऊन आला आणि त्यानं टेबलावर चिठ्ठी टाकली. मंजुरी आली होती. चिठ्ठीवर जावईबापूंचं नाव होतं, मागे डॉक्टर लावलेलं. "आजच्या आज टाका, भाऊसाहेब पाहनार हायेत."

मी बदललेल्या दोन वेळा पुन्हा होत्या तशा केल्या. आठव्या ओळीवर नवं नाव लिहिलं. टक्के बदलावे लागले नाहीत, फेरी वाढवावी लागली नाही, सगळं होतं तसंच बसलं. सरांच्या कागदाची घडी करून मी ती पाकिटात ठेवली. त्यांनी सांगितलेलं काम एका परीनं झालं होतं, जागा आता कोरी दिसत नव्हती.

भाऊसाहेबांना पान आवडलं. मी अजून रोज सकाळी एक फेरी बघतो. सहा साहेब होतात, मग मी, मग ते नाव उजळतं आणि पुरते चार सेकंद थांबतं. कोणाच्याही मायनं अक्षराखाली बोट ठेवून, अडखळत, मोठ्यानं पूर्ण वाचावं इतका वेळ.